हेलनचा हात

हेलन माझी धाकटी जाऊ. तिचं कौतुक करायचं असेल तर माझ्या माघारी करा, असं मी घरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सांगितलं हसत, पण खोटं नव्हतं. मी शाळेत शिक्षिका. हार्मोनियमच्या तीन परीक्षा दिल्या, पगारातून कीबोर्ड घेतला, कोल्हारच्या आमच्या चर्चमध्ये एकोणीस वर्षं मीच वाजवते. आणि ही बया! घोडेगावची, नववी नापास, ओसरीवर मशीन टाकून ब्लाउज शिवणारी. ‘सा’ कुठला विचारा, नुसती दात काढते. पण मोबाईलवरचं कुठलंही नवं गाणं दोनदा ऐकलं, की त्यातला कीबोर्ड जसाच्या तसा हिच्या बोटांत उतरतो. कुणाला दात, कुणाला चणे, दुसरं काय!

एकदा न राहवून विचारलंच, “कुठं शिकलीस गं?”

“शिकायचं कुठं, ताई? घोडेगावच्या बाजारात आमच्या बाबांची चहाची टपरी हुती. आजूबाजूला तीन ठिकाणी तीन गाणी एकदम लागायची, म्हशी रेकायच्या ते येगळंच. मी आपली एकेक गाणं निवडीत बसायची, तांदळातलं खडं निवडावं तसं.”

मला वाटलं होतं, कुणीतरी गुरू निघेल. निघाल्या म्हशी.

यंदा माझ्या निकिताचं लग्न ठरलं. चर्चमधला विधी झाला की लॉन्सवर रिसेप्शन, आणि तिथे नवरानवरीची एन्ट्री एका नव्या हिंदी गाण्यावर. तिला ते रेकॉर्डवर नको, समोर कीबोर्डवर वाजवलेलं हवं होतं. वाजवणार कोण? आई! मी शाळेत, चर्चमध्ये, भाजीवालीलासुद्धा सांगून मोकळी झाले. पोरीच्या लग्नात एवढं एकच मला माझ्यासाठी हवं होतं. साडी जुनी चालली असती.

पण गाणं येऊन तीनच आठवडे झालेले. नोटेशन कुठेच मिळेना. मी इअरफोन लावून चार दिवस झटले. गायिका गाते ती चाल निघाली, पण तिच्या मागे कीबोर्ड जे निराळंच वाजवतो ते काही केल्या सापडेना. धरायला गेलं की निसटायचं. पाचव्या दिवशी हेलन भाकरी थापता थापता म्हणाली, “ताई, ते वरचं टिणटिण धरू नका. खाली जाड आवाज हाय, तो आधी धरा. तो सरकला की वरचं आपुआप सरकतंय.” हात धुतले, एका कानावर तळवा दाबला, तेवढाच तुकडा तीनदा ऐकला आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत वाजवून दाखवलं. हुबेहूब!

निकिता टाळ्या पिटत म्हणाली, “काकू, लग्नात तूच वाजव ना गं!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि वाजवायला काकू!

हेलनने माझ्याकडे पाहिलं. “न्हाई गं बाई. तुझी आई वाजवंल. मी दावते त्यास्नी.” म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नातलं माझंच काम तिनं मला दान दिलं. त्याचा मला जास्त राग आला.

तरी शिकले. गरज होती. ती वाजवायची, मी वहीत सरगम लिहून घ्यायची. “ही काळी चार ना गं?” मी विचारायची. “असंल. मला काय कळतंय,” म्हणून ती हसायची. अकरा दिवसांत वही पूर्ण झाली. मग मी तिला आहेराच्या टेबलावर नेमलं. मुद्दाम! स्टेजपासून लांब होतं ते.

एन्ट्री झाली. मी वाजवत होते, एक सूर चुकला नाही. पण निम्म्या वाटेवर जावयाच्या, केविनच्या, मित्रांनी दोघांना अडवलं आणि नाचायला लावलं. पोरं काही सोडेनात. इकडे माझी वही संपली. पुढे काय वाजवायचं? बोटं थांबली. लॉन्सभर सगळे माझ्याकडे बघायला लागले. देवा, धरणी दुभंगावी असं झालं मला.

तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्यानं खालचे जाड सूर धरले. “ताई, वरचं तुमचं पहिल्यापासनं घ्या. मी खालचं सोडत न्हाई,” हेलन कानात म्हणाली. पोरं नाचत होती तोवर तिनं गाणं खेळवलं, लांबवलं, आणि निकितानं स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला तिथं बरोबर आणून सोडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. जेवणाच्या रांगेत जो तो म्हणे, “हेलननं काय सांभाळून घेतलं हो!” माझं नाव कुणाच्या तोंडी नाही.

आठवड्याने व्हिडिओवाल्याचा फोन आला. “मॅडम, काही कापायचं का?”

“ती दुसरी बाई कीबोर्डजवळ येते ना, तिथून वाजवणं संपेपर्यंतचं उडवून टाक.”

“बरंच जाईल, मॅडम. आणि मूळ शूटिंग आम्ही ठेवत नाही, कार्ड दुसऱ्या लग्नाला लागतं.”

“जाऊ दे,” म्हटलं. मला फक्त तिचा तो हात दिसत होता.

परवा रविवारी चर्च सुटल्यावर निकिता आणि केविन शेवगावहून आले. सगळे टीव्हीसमोर बसलो. एन्ट्री लागली. माझा चेहरा, माझी बोटं, पोरांचा नाच. आणि एकदम केक कापतानाचं दृश्य.

“अगं, आम्ही स्टेजवर चढलो ते कुठंय?” निकिता उठून उभीच राहिली. “पप्पांनी मला हात दिला, ते रडले... पप्पा, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा रडलात ना! कुठंय ते?” तिनं पुन्हा मागे घेऊन लावलं. पुन्हा नाच, पुन्हा केक. आमचे हे नुसते पडद्याकडे बघत राहिले.

हेलननं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“कॅमेऱ्याची बॅटरी संपली असंल गं,” ती निकिताला म्हणाली. “लगनात हुतंच असं.”

सगळे माझ्याकडे वळले.

“हो,” मी म्हणाले. “बॅटरीच असेल.”