सलीमभाईंचा मागे राहिलेला जबडा

ड्रिल चालू असताना पेशंट माझ्या खुर्चीत घोरायला लागला. लातूरच्या माझ्या दातांच्या क्लिनिकमध्ये असं कधी झालं नव्हतं.

सलीमभाई किल्लारी-लातूर जीप चालवायचे. दाढ भरायला आले होते, सोबत बायको शबानाभाभी.

"घरीबी असंच हाय," भाभी म्हणाल्या. "घोरता घोरता श्वासच थांबतो. मीच हलवून उठवते. परवा तर चालू गाडीत डोळा लागला. जीप शेतात घुसली. कुणाला लागलं न्हाई, पण मालकानं चावी काढून घेतली."

मी ड्रिल ठेवलं आणि सलीमभाईंना बाजूने पाहिलं. खालचा जबडा लहान, मागे गेलेला. मान मात्र पुढे काढलेली.

"मान अशी कधीपासून?"

"पहिल्यापासून. सरळ बसलो की दम कोंडतो, डॉक्टरबाई."

जीभ खालच्या जबड्याला जोडलेली असते. जबडा मागे, तर जीभही मागे, आणि घशातली श्वासाची वाट अरुंद. मान पुढे काढली की ती जरा मोकळी होते, म्हणून शरीराला तशी सवय लागते. झोपेत स्नायू सैल पडतात आणि वाट बंद होते. मग झोप मोडत राहते आणि दिवसा डुलक्या लागतात.

मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी स्लीप स्टडी केली. झोपेत श्वास कितीदा अडतो ते त्यात कळतं. निदान पक्कं झालं, पण झोपेत दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा मास्क सलीमभाईंना सोसेना.

डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडं काही इलाज?"

"जबडा पुढे धरून बघते."

वरच्या-खालच्या दातांवर बसणारं उपकरण बनवलं. रात्री घालायचं. ते खालचा जबडा पुढे धरतं, आणि किती पुढे ते मी थोडंथोडं वाढवत नेलं. सुरुवातीला जबडा ठणकायचा, उशी लाळेनं भिजायची.

"फेकून देतो आता," सलीमभाई वैतागले.

"फेका. मग जीपबी विसरा," भाभी म्हणाल्या.

ते घालत राहिले. फिजिओथेरपिस्टने मानेचे व्यायाम दिले, तेही केले. उपकरण घालून पुन्हा स्लीप स्टडी झाली. रिपोर्ट वाचून मी खुर्चीतून उठलेच. श्वास अडणं जवळपास थांबलं होतं! छातीच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं आणि मालकाने चावी परत दिली.

एका सकाळी क्लिनिकसमोर हॉर्न वाजला. भरलेली जीप उभी होती. सलीमभाई स्टिअरिंगवर, मान बरीच सरळ. शेजारी भाभी.

"डॉक्टरबाई," त्या ओरडल्या, "आता हे झोपतेत अन् मीबी झोपते!"

तेव्हापासून नवा पेशंट आला की तोंड उघडायला सांगण्याआधी मी एकच विचारते, "झोप कशी लागते?" दातांच्या डॉक्टरला काय करायचंय, असं बरेच जण म्हणतात. म्हणू देत.