मीच लिहून घेतलेली माफी

राजेगावच्या फाट्यावर गोंदियाची बस आली तेव्हा बाबांनी माझी बॅग स्वतः वर चढवली आणि खिडकीतून पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिले, "पुन्यात कोनाशी भांडू नको. अन् टायमावर जेवत जाय." आई तोंडाला पदर लावून उभी होती. मी मात्र आनंदाने नुसता फुललो होतो. आदल्या दुपारी नोकरीचा फोन आला होता, मित्रांनी खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, आणि त्या धांदलीत मी एक काम साफ विसरलो होतो. बस सीमेवरचा पूल ओलांडून महाराष्ट्रात शिरली तरी ते आठवलं नाही.

काम असं होतं. आमचं गाव तलावाच्या पाण्यावर धान पिकवतं. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी कधी सोडायचं हे गावाचा पाणकर ठरवतो, आणि तेव्हा पाणकर होते सोमाजीकाका. नोकरीचा फोन आला त्याच दिवशी सकाळी त्यांना परसवाड्याला लेकीकडे जावं लागलं. निघताना मला म्हणाले, "दिवस बुडाच्या आत तलावाचं दार बंद कर. हौ म्हन." मी हौ म्हटलं. दार उघडंच राहिलं आणि सकाळपर्यंत शेवटच्या पाळीचं सगळं पाणी नाल्याने वाहून गेलं. धान नुकतं निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. खालच्या बांध्या वाळून गेल्या.

हे आईने फोनवर सांगितलं. गाव म्हणत होतं, काका दार उघडं टाकून लेकीकडे गेले. काकांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. "पानी माह्या भरवशावर होतं," एवढंच म्हणाले. पाणकरकी त्यांच्याकडून काढून घेतली. मी फोनवर "अरेरे" म्हटलं. अरेरे! अजूनही तो शब्द आठवला की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

माझ्यासारखे जे कुणी आमच्या बालाघाटाकडून पुण्याला आलात, त्या तुम्हाला पुढचं सांगायला नको. ऑफिसात माझं मले-तुले ऐकून लोक हसायचे, म्हणून ते मी महिन्याभरात धुऊन काढलं. लॅपटॉप आला, ईएमआय आला, बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट आला. काका काही डोक्यातून गेले नाहीत. शेवटी वीकेंडला बसून मी कादंबरीच लिहिली. तिचा नायक गावी परततो, भर सभेत चूक कबूल करतो आणि म्हातारा पाणकर भरल्या डोळ्यांनी त्याला मिठी मारतो. ते प्रकरण लिहिताना मी स्वतः ढसाढसा रडलो. पुण्यात वाचकांनी त्याच प्रकरणाचं कौतुक केलं. मला वाटलं, चला, फिटलं एकदाचं!

एक प्रत मी काकांच्या लेकीला पाठवली. वनिता आता बालाघाटला शाळेत शिकवते. सुट्टीत गावी जाऊन तिने वडिलांना अख्खी कादंबरी वाचून दाखवली आणि मला फोन केला.

"बाबा म्हनते, पुस्तक मस्त हाय. फक्त शेवट झूठा हाय."

मी विचारलं, "काहून?"

मागून काकांचाच आवाज आला, "मी याले माफ कधी केलं बे? यानं तं लिहून बी घेतली माफी! मले इचारलं काय?"

कान तापले. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आणि मग काय झालं सांगू? अंगात एकदम उत्साह संचारला. अरे, म्हणजे काहीच संपलेलं नाही! काका आहेत, मी आहे, आणि गोंदियाला जाणारी गाडीही आहे. इतक्या वर्षांत कुठल्याच प्रमोशनने मला एवढं हलकं केलं नव्हतं. बॉसला सुट्टी मागितली नाही, सांगितली.

गावात शेवटचं पाणी सोडण्याची बैठक होती. मंदिरासमोर सगळे जमले होते, बाबाही होते. मी उभा राहिलो. पुस्तकातलं लांबलचक भाषण मला पाठ होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "त्या साली दार मी उघडं टाकलं. काकानं मले सांगतलं होतं. मी भुललो, अन् मंग डरलो."

मग चैतराममामा, ज्यांच्या बांध्या वाळल्या होत्या, ते कडाडले, "अन् आता सांगून राह्यला? किताब छापून झाल्यावर?" बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काकांकडे वळवली.

काका उठले. कादंबरीची सवय, मला वाटलं मिठी मारतील! त्यांनी मला शिव्यांनी जे झोडपायला सुरुवात केली, काय सांगू! "तू नोकरीले गेलता म्हनून मी चूप राह्यलो! मले वाटलं, पोट्टं सोताच सांगन. रोज वाट पाह्यली तुह्या फोनची! तुह्या बापानं माह्याशी बोलनं सोडलं, त्याले बी नाही सांगतलं तू? शरम नाही वाटली बे?" ते थांबेचनात. वनिता माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाली, "त्या सालापासून बाबा बैठकीत तोंडच उघडत नव्हते."

मी खाली मान घालून रडत होतो आणि आनंदाने फुटायचा बाकी होतो. काका दमून बसले तेव्हा चैतराममामांनीच त्यांना विचारलं, "मंग सोमाजी, अवंदा पानी कोठून सोडाचं?" काका म्हणाले, "खालून." म्हणजे पहिलं पाणी मामांच्या बांध्यांना. बैठक त्यावर उठली. बाबा काकांच्या सोबत चालत गेले.

काकांनी मला अजून माफ केलेलं नाही. पुढच्या आवृत्तीत मिठी नसेल, शिव्या असतील, सगळ्या. पुण्यात माझं चुकलं तर एचआरचा नम्र ईमेल येतो आणि विषय मिटतो. माझ्यावर रागवायला जिथे माणसं इतकी वर्षं थांबून राहिली, ते माझं घर.