हमीच्या मुदतीतले दाजी

छापलेल्या शब्दावर आमच्या दाजींनी जेवढा विश्वास टाकला, तेवढा अवघ्या सातारा-सांगली जिल्ह्यांत कुणी देवावरही टाकला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कराडात बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. औषधाच्या बाटलीवर ‘घेण्यापूर्वी हलवावी’ असं असलं तर ते बाटली अशी हलवत, की शेजारच्या शिंप्याला मशीन चालू झाल्यासारखं वाटे. आक्कानं प्रेशर कुकर घेतला तेव्हा त्याबरोबर आलेलं पुस्तक पहिले आठ दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी मोठ्यानं वाचलं, आणि डाळीला पुस्तकात दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त झाली म्हणून डाळ उत्तम शिजलेली असूनही ते जेवताना गप्प राहिले. छत्रीच्या चिठ्ठीवर ‘रंग पक्का’ असं छापलं होतं आणि पहिल्याच पावसात त्यांचा पांढरा शर्ट निळा झाला, तर तो शर्ट न धुता त्यांनी दुकानात नेला, गल्ल्यावर पसरला आणि शेजारी ती चिठ्ठी ठेवली. भांडले नाहीत. नुसते उभे राहिले. दुकानदारानं छत्री बदलून दिली ती त्या उभं राहण्याला घाबरून.

हे वळण त्यांना फौजेनं लावलं असावं. सात-आठ वर्षं ते सिग्नल तुकडीत होते. तिथं बूट सहा महिन्यांचे म्हणून दिले, की सहा महिने टिकत, आणि चिठ्ठीवर बारा वस्तू लिहिल्या असल्या, की पेटीत बारा निघत. “कागद म्हंजे जबान हाय मास्तर,” ते मला म्हणत. मी पलूसच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, म्हणून मी मास्तर. हात तर असा होता, की घड्याळ, रेडिओ, शिलाई मशीन, काहीही उघडून नीट करत. पण वस्तूची हमी चालू असेतोवर तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. एकदा त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. हमीचे चार महिने शिल्लक होते आणि कंपनी दाद देत नव्हती. चार महिने ते घड्याळ सव्वातीन दाखवत भिंतीवर राहिलं. मुदत संपली त्या दिवशी अंघोळ करून दाजी स्टुलावर चढले आणि चहा गार व्हायच्या आत घड्याळ चालू करून खाली उतरले. आम्ही पुष्कळ हसलो होतो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

दुष्काळ ओसरला त्या साली दाजींनी सांगलीहून नवा फ्लॅश आणला. तोवर ते बल्बवर काम करत. दर फोटोला नवा बल्ब लावायचा आणि जुना तापलेला रुमालानं काढायचा. हा नवा फ्लॅश कॅमेऱ्याच्या बाजूला जोडायचा होता आणि त्याला एक जाड मूठ होती. तिच्या पोटात बॅटऱ्या आणि डोक्यावर दिवा. लग्नघरची माणसं त्याला मारुतीची गदा म्हणत, आणि दाजींची मिशी नि छाती पाहता ते शोभायचंही. बरोबर एक गुळगुळीत इंग्रजी कार्ड आलं होतं. एक वर्षाची हमी, आणि खाली जाड ठशात अट: मुठीच्या स्क्रूवरचं लाल सील तुटलं तर हमी रद्द. मी त्याचा अर्थ सांगितला, तो त्यांनी दोनदा ऐकला आणि कार्ड काचेत मढवून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलं.

तिसऱ्याच आठवड्यात मुठीचं झाकण तडकलं. पलूसला आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुणे हार घालून घ्यायला वाकले आणि बॅटऱ्या एकामागून एक घरंगळत त्यांच्या पायाशी गेल्या. दाजींनी झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली, कारण पट्टी बांधू नये असं कार्डावर कुठं म्हटलेलं नव्हतं. मग आतला जोड ढिला झाला. मूठ सरळ धरली तर दिवा लागेना. डावीकडे थोडी कलती धरली तर लागे. मूठ कलली की कॅमेराही कलायचा. कराडातल्या त्या मोसमातले नवरानवरी आजही अल्बमात असे डावीकडे झुकून उभे आहेत, जणू सगळी लग्नं घाटातल्या वळणावर लागली.

कंपनीला पत्रं मी लिहिली. याचा मला अजून त्रास होतो. फार चांगली पत्रं होती ती, ‘आपण कृपा कराल तर आभारी होऊ’ अशा थाटाची, मुलांना नमुना म्हणून फळ्यावर लिहून द्यावी अशी. पहिलं उत्तर आलं, की बॅटऱ्या आम्ही सुचवलेल्या नसाव्यात. त्यांनी सुचवलेल्याच होत्या. दुसरं आलं, की वस्तू पाठवा. पाठवली. दीड महिन्यानं ती पुसूनबिसून, नवं लाल सील लावून परत आली, सोबत चिठ्ठी: ‘तपासले, दोष आढळला नाही.’ दाजींनी ती मूठ सरळ धरली, बटण दाबलं. दिवा लागला नाही. त्यांनी चिठ्ठी परत वाचायला लावली, मी वाचली, त्यांनी परत बटण दाबलं. चिठ्ठी आणि मूठ यांतलं खरं कोण, हे ठरवताना त्या माणसाचा चेहरा जसा झाला, तसा मी नंतर फक्त न्यायालयाच्या आवारात पाहिला आहे. तिसऱ्या पत्राच्या उत्तरात आमच्या भागातल्या दमट हवेला दोष दिला होता. सांगलीचा दुकानदार भला माणूस. त्यानं विकलेल्या सगळ्या मुठी परत आल्या होत्या आणि दाजींना पाहून तो खुर्चीवरून उठूनच उभा राहायचा. सील तोडा आणि तुमच्या हातानं नीट करा, कंपनी काही करणार नाही, असं त्यानंच सांगितलं. दाजी म्हणाले, “मग त्यांनी लिवलंय ते कशाला?” माझ्याकडे चौथं पत्र लिहिण्यापलीकडे काही नव्हतं.

ते पत्र गेलं आणि आठवड्यातच रहिमतपूरचं लग्न आलं. नवरा मुलगा आमच्याच शाळेतला शिक्षक. फोटोसाठी दाजींचं नाव मीच सुचवलं. मुलीचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, शेती पाहणारे, उंच आणि अबोल. त्यांचा घरात एकही फोटो नव्हता. फौजेच्या ओळखपत्रावर होता तेवढाच, आणि ओळखपत्र निवृत्त होताना जमा करावं लागलं. कुणी कॅमेरा काढला की ते उठून बैलांकडे जात. त्या दिवशी मात्र मुलीनं हट्ट धरला. मुहूर्त गोरजाचा होता. अक्षता पडल्या, मांडवात गॅसबत्त्या लागल्या, आणि तिनं वडिलांचा हात धरून त्यांना आपल्याशेजारच्या खुर्चीवर बसवलं. दाजींनी कॅमेरा डोळ्याला लावला.

दिवा लागला नाही. मूठ डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली, ट्यूबची पट्टी सोडून आवळली. नाही. गॅसबत्ती जवळ आणून पाहिली, पण तेवढ्या उजेडात त्यांच्या फिल्मवर काही उमटणार नव्हतं, आणि जुने बल्ब त्यांनी हमीच्या भरवशावर कधीच आणायचे सोडले होते. भोवती माणसं जमली. उघडून बघा की, असं दोघातिघांनी सांगितलं. मीही जवळ जाऊन हळूच म्हणालो, “दाजी, उघडा.” त्यांच्या शर्टाच्या खिशात बारीक स्क्रू-ड्रायव्हर होता, पेनासारखा अडकवलेला. तो त्यांनी काढला. सीलवर टेकवलासुद्धा. मग माझ्याकडे पाहिलं.

“पाच आठवडं ऱ्हायल्यात मास्तर,” ते म्हणाले. “आपलं पत्र गेलंय. आता उघडलं तर आपुनच खोटं पडतो.”

मला तेव्हा काहीतरी बोलता आलं असतं. मी बोललो नाही, कारण ते पत्र माझं होतं आणि त्याचं उत्तर येईल असं मलाही कुठंतरी वाटत होतं. पंगत खोळंबली होती. सुभेदारांनी आणखी थोडी वाट पाहिली, मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते उठले. ऱ्हाऊ द्या, पुढच्या खेपंला काढा, असं दाजींनाच समजावल्यासारखं म्हणाले आणि वाढप्यांकडे गेले. जेवणं होताच वऱ्हाड पलूसला निघालं.

पुढची खेप आली नाही. तीन आठवड्यांनी सुभेदार उसाला पाणी देताना बांधावर बसले ते बसलेच. दहाव्याच्या आधी त्यांचा मुलगा कराडला आला, वडिलांचा एखादा फोटो मिळतो का पाहायला. दाजींनी त्या लग्नाच्या सगळ्या निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहिल्या. अक्षता पडताना दिवा अधूनमधून लागला होता, त्यातल्या एकीच्या कडेला सुभेदारांचा हात आला होता, मनगटापर्यंत. दाजींनी त्याचा फोटो करून दिला. मुलानं तो पाहिला, टेबलावर ठेवला. मी शनिवार म्हणून आलो होतो, कोपऱ्यात बसलो होतो.

“तुमच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर हुता म्हणत्यात,” तो म्हणाला.

“हुता,” दाजी म्हणाले.

तो आणखी काही बोलला असता तर बरं झालं असतं. नमस्कार करून गेला. हाताचा फोटो टेबलावरच राहिला.

मग दाजींनी मूठ घेतली, सील तोडलं आणि स्क्रू काढले. बॅटरीला दाबून धरणारी स्प्रिंग जिथं असायला हवी, तिथं काडेपेटीच्या पुठ्ठ्याची घडी खुपसलेली होती. बाकी काही नाही. ती घडी त्यांनी चिमट्यानं काढली आणि उजेडात धरली. कुणीतरी कारखान्यात बसून, हातानं, ती चार पदरी घडी घातली होती आणि वरून लाल सील लावलं होतं. दाजींनी जुन्या टॉर्चमधली स्प्रिंग कापून आत बसवली. मी घड्याळाकडे पाहत होतो, चार मिनिटं लागली. बटण दाबलं, स्टुडिओ लख्ख उजळला. पुढची कित्येक वर्षं ती मूठ एकदाही बंद पडली नाही, हे मला त्या कंपनीच्या सगळ्या पत्रांपेक्षा जास्त कडू वाटतं.

पुठ्ठ्याची घडी टाचणीनं लावून मी शेवटचं पत्र पाठवलं. त्यात आभार वगैरे काही लिहिलं नाही. उत्तर मात्र या खेपेस झटपट आलं. जाड, सुरेख कागद, खाली वाचता न येणारी सही: ग्राहकाने सील तोडले असल्याने हमी संपुष्टात आली आहे, कंपनीला खेद वाटतो. मी मराठीत अर्थ सांगितला. दाजींनी विचारलं, खेद म्हणजे काय. मी म्हणालो, वाईट वाटणं. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाले, “कुणाला?”

त्यानंतर दाजी बदलले. औषधाची बाटली न हलवताच तोंडाला लावू लागले. नवा स्टोव्ह आला, त्याचं पुस्तक आक्कानं चुलीत घातलं तरी बोलले नाहीत. दुकानदारांशी त्यांचं अगदी सुरळीत चालू लागलं, दिलेलं घ्यायचं आणि यायचं. आक्का एकदा मला म्हणाली, की पूर्वी यांच्या वाचनानं डोकं उठायचं, आता घर कसं मोकळं मोकळं लागतं. गावातले लोक म्हणत, दाजी निवळले. मला ते निवळणं बघवत नसे. त्यांच्या त्या वेड्या विश्वासाला आम्ही सगळे हसलो होतो, आणि तो गेला तेव्हा ज्यांनी तो घालवला त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

चार-पाच वर्षांनी सुभेदारांची मुलगी स्टुडिओत आली. मी दिवाळीच्या सुट्टीत तिथंच होतो. कडेवर लेक होती, तिचा पहिला फोटो काढायचा होता. दाजींनी तिला ओळखलं. त्यांनी लेकीचा फोटो काढला. मग लेकीला खाली सोडून ती म्हणाली, “आवं दाजी, त्या दिवशी तुमी कॅमेऱ्यातनं आमच्या आबास्नी बगितलं हुतं न्हवं?”

दाजी म्हणाले, व्हय.

“कसं दिसत हुतं?”

दाजींनी हातातला कॅमेरा खाली ठेवला आणि ते सांगू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. फेटा केशरी होता आणि त्याचा शेमला उजव्या खांद्यावर आला होता. कानाच्या पाळीला एक अक्षत चिकटली होती. सदऱ्याचं वरचं बटण सुटलं होतं, ते सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण मोठा माणूस म्हणून सांगितलं नाही. एक हात गुडघ्यावर होता, दुसरा तिच्या खुर्चीच्या पाठीवर, तिला लागणार नाही असा.

“हसत हुतं का?” तिनं विचारलं.

दाजींना खोटं बोलणं सोपं होतं. त्यांनी जरा आठवून पाहिलं.

“हसत न्हवतं,” ते म्हणाले. “मी तीनदा म्हणलो, हिकडं कॅमेऱ्याकडं बगा. न्हाई बगितलं. तुज्याकडंच बगत हुतं.”

ती बाकावर बसली. लेक पडद्याशी खेळत होती. बाहेरून बाजाराचा आवाज येत होता. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि परत एकदा सांगा म्हणाली, फेट्यापासून. दाजींनी समोरचं स्टूल ओढून घेतलं आणि फेट्यापासून परत सांगायला सुरुवात केली.