बोटांना डोळे नसतात

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारध्याच्या पुलावर, ऑटोत होते. रडू आलं ते मात्र शोकसभेत, आणि तेही रागानं. भूलतज्ज्ञ डॉ. सुनंदा रामटेके यांच्याबद्दल जो उठला तो हेच बोलला... बाईंच्या बोटांना डोळे होते, त्यांना यंत्र लागलंच नाही. अहो, लागलं नाही की मिळू दिलं नाही?

मी त्यांच्या थिएटरची सिस्टर. हाताचं ऑपरेशन असलं की मॅडम पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर करत. खांद्याजवळ, गळ्याच्या हाडामागे बोटानं चाचपून सुई घालायची आणि पेशंटला विचारायचं, बोटांत मुंग्या येऊन राहिल्या का? आल्या म्हणजे सुई नसेपाशी पोचली. पण आपल्याकडची माणसं! डॉक्टरला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. एकोडीची एक म्हातारी धानाच्या शेतात बांधीच्या धुऱ्यावरून घसरून मनगट मोडून आली. दम्यामुळे पूर्ण भूल धोक्याची. तिनं मुंग्यांना हो म्हटलं, चिमटा काढला तर दुखत नाही म्हटलं, आणि ब्लेड लागलं तेव्हा डोळ्यांतून नुसतं पाणी... मॅडमनी ऑपरेशन थांबवलं.

‘काहून नाही सांगितलं, माय?’

‘तुमी इतक्या मायेनं करून राहिल्या, बाई... नाही कसं म्हनू?’

त्या दिवशी मॅडम जेवल्या नाहीत. पुढे सोनोग्राफीच्या पडद्यावर नस आणि सुई दोन्ही बघून हात बधिर करायला त्या शिकून आल्या. तिथे पेशंटच्या भिडेवर काही अवलंबून नसतं. खूप मागे लागल्यावर यंत्र आलंही. पण सोनोग्राफी म्हटलं की गर्भलिंगाचा कायदा, म्हणून परवानगी हवी, परवानगीला सही हवी, आणि सही करणारा साहेब दर वेळी नवा. कायदा हवाच, मॅडमही तेच म्हणत. पण खांद्यात कोणता गर्भ असतो हो? यंत्र थिएटरबाहेरच्या कपाटात कुलूपबंद राहिलं. मॅडम बोटानंच चाचपत राहिल्या, आणि सुई टोचण्याआधी प्रत्येकाला सांगत राहिल्या, ‘नसन येत मुंग्या तं नाही म्हना, बाप्पा. मले राग येत नाही.’

आता त्यांचा फोटो लावायचं ठरलं आहे, नेमका त्याच कपाटाच्या वर. परवा खिळा ठोकायला माणूस आला. इथे छान दिसेल ना, असं आताच्या साहेबांनी विचारलं. सगळे हो म्हणाले.

मी नाही म्हटलं. फोटो माझ्या खोलीत ठेवून घेतला आहे. कपाटाचं कुलूप निघेल त्या दिवशी लावू. तोवर मॅडमना राग येणार नाही.