दातवालीचा राग

दातवाली चालत्या गाडीत कधी भांडत नसे. राग आला की ती इंडिकेटर द्यायची, गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, हँडब्रेक ओढायची, चारी दिवे लुकलुकते ठेवायची, खाली उतरायची आणि मग तोंड सोडायची. भांडण संपलं की पुन्हा बेल्ट लावून, आरशात बघून, शिस्तीत रस्त्याला लागायची. "चालत्या गाडीत राग सांडतो," ती म्हणायची, "आणि सांडलेला राग कुणाच्याच कामाचा नसतो." शिकागो ते डेन्व्हर हा भलामोठा रस्ता अमेरिकेने बांधला तो जणू तिला कडेला उतरून भांडता यावं म्हणूनच.

नाव मोरॅग. एडिनबराची. आयुष्यभर दातांची डॉक्टर, तेव्हा नुकतीच रिटायर झालेली. तोंडावर मी तिला 'डॉक्टर' म्हणायचे, मनात दातवाली. ती मला सरळ 'लंडन' अशी हाक मारायची. आपल्या भांडखोरपणाचं कारण ती मोठ्या खुशीत सांगायची: "लोकांच्या तोंडात बोटं घालून जन्मभर मी एकटीच बोलत होते. कुणाला उत्तर देता यायचं नाही. आता समोरचा उलटून बोलतो. केवढं सुख आहे, लंडन!"

आमची गाठ पडली शिकागोच्या विमानतळावरच्या रांगेत. वादळामुळे सगळी विमानं रद्द झाली होती. मी लंडनच्या एजवेअरहून मुलाकडे डेन्व्हरला निघाले होते. तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी! आडनाव वाघमारे, आणि दार अंगावर आदळलं तरी दारालाच सॉरी म्हणणारी बाई. लहानपणी खडकीत वडिलांच्या खांद्यावर बसून मोर्चात घसा फुटेस्तोवर घोषणा दिलेल्या. पण लंडनला आले, कौन्सिलच्या लायब्ररीत चिकटले आणि आवाज जो खाली गेला तो वर आलाच नाही. त्या रांगेत मी प्रत्येक घाईतल्या माणसाला "आफ्टर यू" म्हणत पुढे सोडत होते. मागून आवाज आला, "तू विमानासाठी आली आहेस की या रांगेची राखण करायला?"

मग ती काउंटरवर गेली आणि असं काही बोलली की विमान मिळालं नाही, पण बाजूला रडणारं एक पोर गप्प झालं. परत येऊन तिने जाहीर केलं, "मी गाडी भाड्याने घेतेय. डेन्व्हरला कोण येतंय?"

"मी येतो," माझ्यामागचा उंच माणूस म्हणाला. मँचेस्टरला राहणारा नायजेरियन पास्टर, भावाच्या चर्चमध्ये प्रवचनाला निघालेला. "देवानेच तुम्हाला पाठवलंय, सिस्टर."

"देवाला सांग, मागे बसायचं आणि नकाशा बघायचा."

अनोळखी माणसांच्या गाडीत बसू नये हे आईने मला शिकवलं होतं. पण नाही म्हणणं मला जमत नव्हतं, म्हणून मी बसले.

दातवाली भाचीच्या लग्नाला चालली होती. आमंत्रण नव्हतं. "आमंत्रण असतं तर गेले नसते," म्हणाली. आयोवा ओलांडेपर्यंत ती पास्टरशी देव आहे की नाही यावर दोनदा कडेला उतरून भांडली आणि तिसऱ्यांदा त्यालाच म्हणाली, "माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना कर, नाहीतरी रिकामाच बसलायस." मी बॅगेतून ठेचा काढला. पास्टरने तो बटाट्याच्या फ्राइजना लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परमेश्वराची स्तुती केली. दातवाली म्हणाली, "हा खाऊन कुणाचे दात पडले तर माझ्याकडे पाठव." आम्ही तिघं इतके हसलो की हॉटेलातली पोरगी बिल न मागता लांब उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेलच्या खोलीत (खोली आम्हा दोघींत एक होती) मी बॅगेतून फोटो काढून टेबलावर ठेवला आणि हात जोडले. निळ्या कोटातला फोटो. आमच्या घरात कुणाचा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

"नवरा?" दातवालीने टूथब्रश तोंडात ठेवूनच विचारलं.

"नाही."

"वडील?"

"त्यांचेही वडील म्हण. यांच्यामुळे आम्ही माणसात आलो." मग मी थोडक्यात सगळं सांगितलं: जात, गावाबाहेरची वस्ती, धर्म बदलणं, शाळा.

"मुलाच्या घरी कुठे लावणार?"

"लावणार नाही. बॅगेतच राहील. त्याच्या नव्या घराची सत्यनारायणाची पूजा आहे. त्याचा बॉस महाराष्ट्रातलाच, आणि नाही म्हटलं तरी ते लोक जात बघतात. निखिल म्हणालाय, आई, प्लीज, तिथे जयभीम वगैरे नको."

दातवालीने चूळ भरली आणि बॅग उचलली. मला वाटलं, पटलं. नेब्रास्कात मक्याच्या शेतांमध्ये गाडी बरीच पुढे गेली, आणि इंडिकेटर टकटक करू लागला.

"उतर."

"का? सॉरी, काय झालं?"

"मला तुझ्याशी भांडायचंय. उतर."

उतरले. न उतरून सांगते कुणाला!

"ज्याच्यामुळे माणसात आलीस म्हणतेस, त्याला साडीत गुंडाळून लपवणार? तुला राग नाही येत?"

"आम्ही बौद्ध आहोत. राग बरा नव्हे."

"हिरडीत पू झालेला एक पेशंट मला असंच म्हणाला होता. दुखत नाही, डॉक्टर, अजिबात दुखत नाही. आणि गाल भोपळ्याएवढा!"

पास्टर खिडकीतून डोकावला. "सिस्टर, येशूनेसुद्धा देवळातली टेबलं उलथली होती."

एवढ्यात पोलिसाची गाडी येऊन थांबली. टोपीवाला पोरगा उतरला. "मॅडम, इमर्जन्सी आहे का?"

"आहे," दातवाली म्हणाली. "ही बाई आयुष्यात चिडलेली नाही."

"सॉरी, ऑफिसर," मी म्हटलं. आणि तो 'सॉरी' माझ्या स्वतःच्याच कानात असा काही वाजला की मी भडकले. भडकले तीही दातवालीवर. "तुझं काय जातं बोलायला! तुला कुणी आडनावावरून जोखलंय?" हे सगळं मराठीत. तिला कळत नाहीये हे लक्षात आल्यावर पुन्हा पहिल्यापासून इंग्रजीत. सांगितलं की एजवेअरला आम्ही नवीन असताना समोरच्या मराठी बाईंशी माझी घट्ट मैत्री झाली होती. एक दिवस गप्पांत आम्ही कोण ते निघालं. त्या दिवाळीला मी पाठवलेलं फराळाचं ताट जसंच्या तसं परत आलं, वर बांधलेल्या रुमालाची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. आणि मी मूर्ख, दारात उभी राहून तिलाच म्हणाले, "सॉरी हं, गोड जास्त झालं असेल." मक्याच्या शेतात माझा आवाज पार पलीकडे जात होता. पोलिसाने टोपी काढून हातात घेतली होती.

"त्या बाईचा पत्ता आहे?" दातवालीने विचारलं.

"वारली ती."

"अरेरे," ती अगदी मनापासून हळहळली. "चल, बस. आता नीट जाऊ."

डेन्व्हरला निखिलच्या दारात ती म्हणाली, "मी आत येते."

"नको," मी म्हटलं. माझ्या जन्मातला तो पहिला 'नको'. "हे माझं भांडण आहे." तिला इतका आनंद झाला की तिने हॉर्न वाजवला.

आत आमच्या घराण्यात पूर्वी कधीही न झालेली पूजा उरकली होती. बॉसच्या बायकोने मला जवळ बसवलं. "मावशी, तुमचं कुलदैवत जेजुरी ना? निखिल म्हणाला." निखिलने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काच फोडली की असाच बघायचा. मी त्याला कोपराला धरून गॅरेजमध्ये नेलं.

"तू सांगतोस की मी सांगू?"

"आई, तुला माहीत नाही इथे कसं चालतं."

"माहीत आहे, म्हणून तर चिडलेय."

तो गॅरेजमध्येच उभा राहिला. मी आत आले आणि म्हणाले, "जेजुरी नाही हो. आम्ही बौद्ध. जयभीम."

"अरे वा, छान, छान. हल्ली कोण मानतं हे सगळं!" बॉस हसत म्हणाला. आणि मी घरून करून आणलेल्या शंकरपाळ्यांकडे आलेला त्याचा हात पाण्याच्या ग्लासाकडे वळला. तो हात मला अजून दिसतो, आणि अजून माझं डोकं फिरतं. निखिलला मिळणारं मोठं काम पुढच्याच महिन्यात दुसऱ्याला गेलं. कारण कुणी सांगितलं नाही. कारण सांगण्याइतकी ती माणसं अडाणी नव्हती.

निखिल वर्षभर माझ्याशी बोलला नाही. पण त्याचा नंबर दातवालीने माझ्याकडून आधीच काढून घेतला होता. दर रविवारी ती एडिनबराहून त्याला फोन करायची आणि मग मला.

"आज तुझ्या मुलाने फोन आपटला."

"मग आता?"

"मग काय, पुढच्या रविवारी पुन्हा. आपटायला का होईना, उचलतो तरी!"

वर्षाने माझा फोन वाजला. "आई, ती बाई वेडी आहे का?"

"हो."

"मग तू तिचं ऐकतेस कशाला?"

"आणि तू उचलतोस कशाला?"

तो हसला, आणि आमचं बोलणं सुरू झालं. पण बाहेर त्याचं तोंड बंदच. नवी नोकरी लागली, तिथे कुणी विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही. मी दर फोनला टोचायचे. तो विषय बदलायचा. दातवाली मात्र सोडायची नाही. शेवटच्या आजारात आवाज गेला तेव्हा म्हणे खाटेवरून त्याला मेसेज करायची, सगळा कॅपिटलमध्ये.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. निखिल डेन्व्हरहून थेट एडिनबराला आला. मँचेस्टरहून पास्टर आला, पांढऱ्या केसांचा, काठी टेकत. अंत्यविधीच्या हॉलमध्ये भारी सुटातला तिचा भाचा बोलायला उभा राहिला. म्हणाला, आत्या अतिशय शांत होती. गोड होती. तिचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या कपाळाची शीर उडू लागली. बाई मरते न मरते तोच तिला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून मोकळे! जिवंतपणी जी कुणाच्या मापात बसली नाही, तिला मेल्यावर का बसवता? मी पुढच्या बाकाला धरून उठायला लागले. पण माझे गुडघे आता सावकाश ऐकतात. मी अर्धी उठेपर्यंत माझ्याशेजारी निखिल ताठ उभा होता.

"माफ करा, पण हे खोटं आहे," तो म्हणाला. "ती वर्षानुवर्षं दर रविवारी माझ्यावर ओरडली. मी दलित आहे. आमचं घर बौद्ध आहे. मी ते लपवत होतो, अगदी आजपर्यंत लपवत होतो. त्याचा तिला संताप यायचा. तिला शांत म्हणू नका."

मग मागच्या बाकावरून पास्टर गरजला, "आमेन!" एक म्हातारा उठून म्हणाला की तिने त्याला एकदा दवाखान्यातल्या खुर्चीतून हाकलून दिलं होतं. कुणीतरी फस्सकन हसलं.

मला वाटलं, रडू येईल. आला तो संताप. पोटच्या पोराला मी इतकी वर्षं सांगत होते, आणि त्याने तोंड उघडायला वेळ साधली ती ही, जेव्हा ज्या बाईने ऐकायला हवं होतं ती पेटीत झोपली होती. निखिल घाबरून खाली बसायला लागला. मी त्याच्या दंडाला धरून त्याला उभाच ठेवला.

"मोठ्याने सांग," मी म्हटलं. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."