टाच माझी, शीर कोणाची?

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. मी वीज कंपनीत मीटर तपासणीच्या कामाला आहे. एकाच मीटरचं रीडिंग दोनदा वेगळं आलं तर मीटर खराब, विषय संपला... असल्या डोक्याचा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय. पण जे झालं ते असं.

मागच्या हिवाळ्यात माझी डावी टाच मागून दुखायला लागली. सकाळी पलंगावरून उतरलो की लंगडायचो. हाडांचे डॉक्टर म्हणाले, टाचेमागची जी जाड शीर असते – अकिलीस टेंडन – तिची जाडी सोनोग्राफीत मोजून आणा. सक्करदऱ्याला आमच्या घराजवळच एक सेंटर आहे. बायको, अर्चना, सोबत आली, खोलीतच बसली. मी पालथा झोपलो, पाय टेबलाबाहेर, टाचेवर ते थंडगार जेल. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मोजलं – नऊ मिलिमीटर.

"पाच-सहा असायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "ही फारच जाड आहे."

हाडांच्या डॉक्टरांना ते पटेना. हाताला तर शीर बारीक लागत होती. म्हणाले, दुसरीकडून करून आणा. जरीपटक्याला गेलो. तिथे गाडी लावायला जागा नाही, म्हणून अर्चना बाहेर स्कूटरपाशीच थांबली. रिपोर्ट आला – पाच, नॉर्मल. आता डॉक्टर म्हणाले, पहिल्या सेंटरला जाऊन विचारा. म्हणजे पुन्हा सुट्टी, पुन्हा रांग, पुन्हा ते जेल. डोकं फिरलं होतं माझं.

सक्करदऱ्याच्या मॅडमही दोन्ही रिपोर्ट पाहून चिडल्या. "झोपा. तुमच्यासमोरच मोजते."

मी मान वळवून स्क्रीनकडे पाहत होतो. पुन्हा नऊ. शिरेत मधे मधे काळपट डाग. तेवढ्यात शेजारी बसलेल्या अर्चनाचा फोन वाजला, ती बोलायला बाहेर गेली... आणि स्क्रीनवरची ती जाड पट्टी बारीक झाली. डाग नाहीत, काही नाही. पाच.

"पाय हलवला का तुम्ही?"

"नाही ना मॅडम. तुमीच तर पाहून राहिल्या."

अर्चना आत आली. पट्टी पुन्हा जाड. मॅडमनी मशीन बंद करून चालू केलं, अर्चनाला मुद्दाम बाहेर पाठवलं, परत आत बोलावलं. तेच. खरं सांगतो, मला भीती नाही वाटली. संताप आला. एक साधी जाडी मोजायची, तर तीही धड मोजता येऊ नये?

"ताई, तुम्ही झोपा जरा," मॅडम अर्चनाला म्हणाल्या. "मला मशीन तपासायचंय."

"मले काहून? माझं काहीच दुखत नाही," ती कुरकुरली, पण झोपली.

नऊ. तेच काळपट डाग, त्याच जागी. मघाशी माझ्या टाचेचा म्हणून काढलेला फोटो शेजारी ठेवला, तर दोन्हींत फरक सांगता येईना.

मॅडमनी दोन्ही फोटो पुन्हा एकदा पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या माहेरी कोणाला हार्टचा त्रास?"

"बाबा गेले ना, चाळिशीतच. वावरातून घरी आले, पाणी मागितलं अन् बसल्या जागी गेले. लोक म्हणत, गॅस झाला." मग आठवून म्हणाली, "त्यायच्याबी टाचा मागून जाड होत्या. मागं पट्टा असलेली चप्पल त्यायले कधी बसलीच नाही."

मॅडमनी समजावलं. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच भयंकर जास्त असतं. ते या शिरेत साठत जातं, आणि हृदयाच्या नळ्यांतही. वरून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी अर्चनाचं रक्त तपासलं, तर आकडा पाहून लॅबवाल्यांनीच आम्हाला फोन केला. अँजिओग्राफीत एक मुख्य नळी जवळजवळ बंद निघाली. स्टेंट टाकला. आज ती ठीक आहे. तिच्या धाकट्या भावाचंही तेच निघालं, त्याच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या.

मशीन खराब असेल म्हणणाऱ्यांनी लिहायची तसदी घेऊ नये. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला, काही सापडलं नाही. आणि खराब मशीन जाडी चुकीची दाखवेल, पण खोलीत बसलेल्या दुसऱ्याच माणसाची शीर कशी दाखवेल? मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "जे मी रिपोर्टमध्ये लिहू शकत नाही, ते मला विचारू नका." अर्चनाला विचारलं, तर ती माझ्यावरच वैतागली. "मी जिती आहो ना? मंग काहून खोदून राहिले तुमी?"

पण परवा मेथी निवडता निवडता तिचा हात थांबला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सांगाचंच होतं, तर बाबाच्या वेळी काहून नाही सांगितलं?"

कोणाला विचारत होती, मला माहीत नाही. मी समोरच्या जुडीतल्या काड्या तोडत बसलो.