स्टुडिओच्या कोटातला माणूस

"ह्यो माझा मालक हाय," ती बाई म्हणाली आणि शोकेसच्या काचेवर तिनं बोट टेकवलं.

बोट ज्या चेहऱ्यावर होतं तो माणूस जगात नव्हता. याबद्दल मला शंका नव्हती, कारण तो मीच तयार केला होता.

भर दुपार होती. लातूरच्या त्या रस्त्यावर उन्हाशिवाय काही नव्हतं. बाईच्या हातांवर सिमेंट वाळलेलं होतं. मी तिला आत बोलावून बाकावर बसवलं. म्हटलं, "चुकताय तुम्ही. दुसरं कुणी असेल."

"नवऱ्याला वळखत न्हाई व्हय मी?"

तिचं नाव सखू. किनवटकडची. नवरा तिकडं आरा मशीनवर लाकडं कापायच्या कामाला. पाऊस नाही, शेतात काही नाही, म्हणून ती भाऊ-भावजयीबरोबर लातूरला नव्या सरकारी इमारतीच्या कामावर आली होती. "मला म्हनला, माझं कुनीच न्हाई. आन् हितं कोट घालून कुनाच्या घरात बसलाय ह्यो?"

हा कोट स्टुडिओचा होता. खुंटीवर टांगलेला असायचा, ज्याला हवा तो घालून फोटो काढून घ्यायचा. शोकेसमध्ये तोच कोट घातलेली आणखी माणसं होती. पण तिला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. नवी ऑफिसं आली, नवे क्लार्क आले. क्वार्टर मिळालं की क्लार्क आधी पंखा घ्यायचा आणि मग सगळ्या घराला घेऊन फोटो काढायला यायचा. स्टुडिओ वडिलांनी काढलेला. त्यांची नजर गेल्यावर मी चालवत होते. बाई फोटो काढते म्हणून घरोघरच्या बायका बिनधास्त यायच्या. अडचण फक्त पाण्याची. फोटो धुवायला पाणी भरपूर लागतं, नाहीतर पुढे कागद पिवळा पडतो. दुष्काळ असा, की टँकर आला की आमच्याकडे आधी फोटो धुवायचे, मग डाळ शिजायची.

सुभाष अशा नव्या क्लार्कांपैकीच. शिरूर अनंतपाळकडचं बौद्ध कुटुंब. आई कौसाबाई, धाकटा भाऊ मिलिंद, सुभाषची बायको, मुलं. सगळे बसले, उभे राहिले. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं तर म्हातारीनं आपल्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवलेली.

"तिथं कोण बसणार?"

"गौतम," ती म्हणाली. "मधला माझा."

सुभाषनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मागच्या मोठ्या दुष्काळात गौतम खडी फोडायच्या टोळीबरोबर बाहेर पडला. मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यानंतर पत्ता नाही. "ताई, आईला जोड फोटो पाहिजे."

जोड फोटो म्हणजे हजर नसलेल्या माणसाला फोटोत बसवायचं. त्याचा जुना फोटो घ्यायचा, मोठा करायचा, कापून घरच्यांच्या फोटोत चिकटवायचा, सांधा ब्रशनं झाकायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचा. नीट केलं तर कळत नाही. मी म्हटलं, "आणा जुना फोटो."

फोटो नव्हताच. कधी काढलाच नव्हता.

"मी सांगते, तू काढ," म्हातारी म्हणाली.

मग मी मिलिंदला कोट घालून त्या खुर्चीवर बसवलं आणि त्याचा वेगळा फोटो घेतला. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवली की छापताना तो भाग उजळतो, चाकूच्या टोकानं खरवडलं की काळा पडतो. एवढ्या दोन गोष्टींवर चेहरा बदलता येतो. कौसाबाई रोज येऊन माझ्या शेजारी बसायची. कच्ची कॉपी हातात घेऊन सांगायची. "गाल बसव जरा. आता बाप्या झाला असंल, मिशी दे. डोळं माझ्यावानी. न्हाई, बापावानी."

एकदा माझा चाकू सरकला. उजव्या डोळ्याखाली गालावर तिरपी काळी रेघ आली. मी बुजवायला पेन्सिल उचलली, तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. लागलं असंल त्याला कुठंतरी."

शेवटचा फोटो मी डार्करूममध्ये केला. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद सोडला की हळूहळू माणसं वर येतात. त्या दिवशी सगळ्यात आधी तो आला. बाकी कुटुंब अजून पांढरं, आणि त्यांच्यामध्ये एकटा तो बसलेला, माझ्याकडे बघत. त्याला कारण आहे, कोट काळा आणि चेहऱ्यावर काम गडद झालेलं. कारण माहीत असूनही फोटो पक्का होताच मी पांढरा दिवा लावायची घाई केली.

कौसाबाईनं फोटो पाहिला. रडली नाही. चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आला."

एक कॉपी तिच्या परवानगीनं शोकेसमध्ये लावली.

काही दिवसांनी सुभाष ऑफिसला जाता जाता आला. उभ्याउभ्याच बोलला. "ताई, आपण असलं काही मानत नाही. पण आई त्या फोटोशी बोलते."

"बोलू द्या की. आई आहे."

"बोलते त्याचं काही नाही हो. ती मधे थांबते. पलीकडून कुणी उत्तर देतंय असं ऐकते, मान हलवते, मग पुढं बोलते." त्यानं चष्मा पुसला. "आन् माझं सांगू का? मला त्याचा खरा चेहरा थोडा तरी आठवायचा. आता डोळे मिटले की तुमच्या कोटातलाच येतो."

मी चहा मागवला.

हे सगळं मी सखूला सांगितलं. कोट दाखवला, खुर्ची दाखवली. हा चेहरा मिलिंदचा आहे, त्यावर मी काम केलंय, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग उठून शोकेसपाशी गेली.

"आन् ह्यो वण? खदानीत दगडाची कपची उडाली व्हती. लगीन झालं त्या साली. मीच हळद भरली त्यात."

तिचं बोट माझ्या चाकूच्या रेघेवर होतं.

मी दुकान बंद केलं आणि तिला घेऊन सुभाषच्या क्वार्टरवर गेले.

मला वाटलं होतं कौसाबाई ओरडेल, रडेल. तिनं सखूला खालून वर पाहिलं. "तू व्हय," म्हणाली. "मला तो म्हनला व्हता, लगीन केलंय म्हनून." आणि भाकरी बांधायला आत गेली. सुभाषनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर तो होता.

आम्ही चौघं लातूरहून एसटीनं नांदेडला आणि तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीनं किनवटला गेलो. मी कशाला गेले? सुभाष म्हणाला, "फोटो कसा केला ते तुम्हीच समजावून सांगा त्याला." खरं तर मलाही बघायचं होतं. आपण कागदावर काढलेला माणूस लाकडं कापताना कुणाला बघायला मिळतो?

खिडकीतून सागाचं जंगल दिसत होतं. एकाही झाडाला पान नव्हतं. कौसाबाई सगळा वेळ तोंडात पदर धरून बसली. पाणीसुद्धा प्याली नाही.

स्टेशनवर सुभाषनं ठरवलं, आई आणि सखूनं लिंबाखाली थांबायचं. आपण दोघांनी आधी जाऊन खात्री करायची. माणूस भलताच निघाला तर म्हातारीला झेपायचं नाही. ते बरोबरच होतं.

आरा मशीन लांबूनच ऐकू येत होती. आम्ही पोचलो आणि ती बंद पडली, जेवणाची सुटी झाली असावी. भुशाच्या ढिगाशेजारी एक माणूस हात झटकत उभा होता. अंगावर भुसा, भुवयांवर भुसा. तो वळला.

मी आयुष्यात बरेच चेहरे रिटच केले. प्रत्येकाचा मूळ चेहरा आधी पाहिलेला असतो. हा एकच चेहरा मी आधी केला आणि मग पाहिला. उजव्या डोळ्याखाली तिरपा वण होता.

सुभाषनं बरोबर आणलेला फोटो नुसता पुढे केला.

गौतमनं फोटो घेतला. आधी म्हातारीवर नजर थांबली. मग मागं उभ्या सुभाषवर. मग मिलिंदवर. मग शेजारच्या खुर्चीवर. त्याचं तोंड भुशासारखं झालं.

"मी हितं कवा बसलो?"

"तसं नाही," मी म्हटलं, "हा जोड फोटो आहे..."

"ह्यो कोट माझा न्हाई." तो मागं सरकला. सुभाषकडे बघत म्हणाला, "तू सुभाष. तू बी का?"

"मी बी काय?"

"मायचं मला म्हाईत व्हतं. तुमचं न्हाई." तो लाकडांच्या थप्पीआड गेला. "ती तिथं हाय, तुमी समदे तिथं हाव, आन् मला बी बसवलंय. न्यायला आला ना मला?"

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या लेखी त्याची आई कधीच मेलेली होती. मेलेल्या माणसांच्या घोळक्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं होतं, कधी न घातलेल्या कोटात. मी निगेटिव्ह, पेन्सिल, चाकू, सगळं समजावत होते. जितकं समजावत होते तितका तो घाबरत होता. "माझा चेहरा तुला कुनी दिला?" त्यानं विचारलं. सुभाषनं एक पाऊल पुढं टाकलं, तर त्यानं कुऱ्हाड उचलली. बाकीचे मजूर लांब उभे राहून बघत होते. कुणी जवळ येईना.

तेवढ्यात कौसाबाई आली. ती कसली लिंबाखाली थांबते! सखूचा हात धरून उन्हातून चालत आली. गौतमला ती दिसली आणि त्यानं कुऱ्हाड छातीशी धरली.

"म्होरं येऊ नको."

ती थांबली. दोघांमध्ये चार हात भुसा. तिनं त्याला नीट पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं, आणि माठ दिसला तिकडं बोट केलं.

"पानी दे."

तो हलला नाही.

"कवाची येऊन ऱ्हायले तुझ्यापायी. नरडं सुकलं माझं. मढ्याला तहान लागती का रे?"

सखूनंच तांब्या भरून दिला. म्हातारी तिथंच भुशात बसली आणि प्यायला लागली. घटाघटा. पाणी हनुवटीवरून ओघळलं, लुगड्याचा काठ भिजला, एकदा ठसका लागला. गौतम तिच्या गळ्याकडे बघत होता. घोट खाली उतरताना हलणारी कातडी बघत होता. तांब्या रिकामा झाला. तिनं तो उलटा करून ठेवला.

कुऱ्हाड कधी खाली पडली मला कळलं नाही. तो गुडघ्यावर बसून तिच्या पायाला हात लावून बघत होता, माणूस तवा तापलाय का बघतो तसा.

"टोळीतला म्हनला, घराला कुलूप. म्हनला, तुजी माय गेली."

"गेले व्हते की!" कौसाबाई कडाडली. "रस्त्याच्या कामावर गेले व्हते!"

मजुरांमधलं कुणीतरी हसलं. मग सखू रडायला लागली. सुभाष तिथल्याच एका ओंडक्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

पुढे गौतम लातूरला आला. मी त्यांचा खरा फोटो काढला. कोट त्यानं घातला नाही आणि त्या खुर्चीवर बसायला तयार झाला नाही. आईच्या मागं उभा राहिला, सखूशेजारी. नंतर मी दोन्ही फोटो भिंगाखाली ठेवून पाहिले. त्याचा वण माझ्या रेघेपेक्षा थोडा लांब आहे. जागा तीच, तिरपेपणा तोच. भाऊभाऊ एकमेकांसारखे दिसतात, तेव्हा चेहऱ्याचं मी समजू शकते. रेघेचं मला काही सांगता येत नाही.

शोकेसमधली कॉपी मी काढून टाकली. सुभाष आईला म्हणाला, आता भिंतीवरचाही काढू. तिनं काढू दिला नाही. "ह्यो किनवटला परत जातो," ती म्हणाली. "तो हितंच असतो."

मी स्टुडिओ बंद करेपर्यंत जोड फोटो करत राहिले. फक्त कुणी येऊन म्हणालं, "आमचे वडील गेले, त्यांना बसवा," की मी विचारायचे, "गेले म्हणजे? कुणी पाहिलं?" लोकांना राग यायचा. दोन-तीन गिऱ्हाइकं तर उठून शेजारच्या स्टुडिओत गेली. मी विचारणं सोडलं नाही.